मोफत परिवर्तकाची शिफारस मी का मागे घेतली : माझा अनुभव

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला, तेव्हा आमच्या वाचनालयाची ग्रंथनोंदीची रजिस्टरे भिजून गेली आणि उरल्या त्या केवळ युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व संगणकांवर एकसारखी चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत येण्याआधीच्या) मराठी फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या फाइली. पुढे वाचनालयाचे संगणक डेबियन या लिनक्स प्रणालीवर नेले, त्या वेळी या फाइली युनिकोडमध्ये आणण्याची पद्धत इतर वाचनालयांसाठीही लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिल्या मसुद्यात मी एका परिवर्तकाची, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रोग्रॅमची, शिफारस केली होती. तो झपाट्याने काम करी आणि पैसेही पडत नसत. मसुदा तपासणाऱ्या ग्रंथपाल मॅडमनी विचारले, "सर, हा मोफत आहे, पण मुक्त आहे का?" मुक्त म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो असा. तो मुक्त नव्हता, त्याचा मूळ कोड कोणालाच पाहता येत नव्हता.

मग मी डेबियनचे धोरण वाचले. तेथील 'मेन' या मुक्त सॉफ्टवेअरच्या विभागातले पॅकेज (बसवण्यासाठी तयार केलेला प्रोग्रॅम) 'सजेस्ट्स', म्हणजे नुसते सुचवण्याच्या, नोंदीत विभागाबाहेरच्या पॅकेजचे नाव घेऊ शकते, परंतु 'रेकमेंड्स', म्हणजे शिफारशीच्या, नोंदीत, मुक्त पर्याय आधी दिलेला नसेल तर, घेऊ शकत नाही. कारण शिफारस केलेले पॅकेज एरवी न मागताच सोबत बसवले जाते. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारा ग्नू प्रकल्प याहून कडक आहे. सुचवणे आणि शिफारस करणे यांतला डेबियनचा हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण आमची पुस्तिका वाचणाराही शिफारस पाहिली की पुढे काही न विचारता ती वस्तू बसवणार होता.

तरी मन द्विधा होते. निर्णय झाला तो 'वाऱ्यावर' या शब्दाने : परिवर्तक त्याचे सर्वत्र 'वार्यावर' करी, निर्मात्यांना दोनदा लिहूनही उत्तर आले नाही आणि चूक समोर दिसत असूनही आम्हाला ती दुरुस्त करता येत नव्हती. अखेर अक्षरांचा तक्ता वापरणारा छोटा पायथन प्रोग्रॅम आम्हीच लिहिला. त्यात बराच वेळ गेला, पण 'ऱ्य'साठी एक ओळ वाढवणे पुरेसे ठरले.

वायफायच्या फर्मवेअरचा (उपकरण चालवणाऱ्या त्याच्या आतल्या प्रोग्रॅमचा) प्रश्न वेगळा होता, कारण त्याच्याविना आमचे दोन संगणक जाळ्याला जोडलेच जात नव्हते. २०२२ च्या मतदानानंतर डेबियनने असे मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्यास मान्यता दिली आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते त्यात आले. पुस्तिकेत मी त्याची गरज आणि त्याचा परवाना मुक्त नसणे, दोन्ही स्पष्ट लिहिले.

गेल्या महिन्यात तासगावच्या एका वाचनालयाने आमच्या तक्त्यात 'कुऱ्हाड'मधील 'ऱ्ह'ची ओळ भरून तो परत पाठवला.