एकच क्वेरी, दोन उत्तरं

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तीच क्वेरी (म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न), तोच डेटा, आणि उत्तरं दोन, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. दिवाळीआधीचा सीझन होता, ऑर्डरी धो धो येत होत्या आणि अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला, "अहो, रविवारची, १२ ऑक्टोबरची विक्री पेमेंटच्या स्टेटमेंटशी जुळत नाहीये, बघा ना जरा."

क्वेरी साधीच, तारखेचा फिल्टर आणि काउंट. एक्सप्लेन मारलं, म्हणजे क्वेरी कशी चालते तो प्लॅन बघितला, तर इंडेक्स (शोधासाठीची तयार सूची) स्कॅन, म्हणजे वरवर सगळं झकास. मग सेशनपुरते इंडेक्स स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन बंद करून, म्हणजे इंडेक्स न वापरता थेट टेबल वाचायला लावून, परत चालवली तर आकडाच बदलला! फरकाच्या ऑर्डरी काढून बघितल्या तर झाडून सगळ्या रात्री १२ ते पहाटे साडेपाचमधल्या. तिथे ट्यूब पेटली.

इंडेक्स होता एका छोट्या फंक्शनवर, टाइमझोनवाला टाइमस्टॅम्प घ्यायचा आणि नुसता डेटमध्ये कास्ट करायचा, म्हणजे वेळ काढून फक्त तारीख ठेवायची. हा कास्ट सेशनच्या टाइमझोनवर अवलंबून, म्हणून तो फक्त स्टेबल (एका क्वेरीपुरतं उत्तर तेच, पुढे बदलू शकतं), आणि तो थेट इंडेक्समध्ये घालायला गेलं की पोस्टग्रेस एरर देतं की फंक्शन इम्म्यूटेबल (तेच इनपुट, कायम तेच उत्तर) मार्क केलेलंच पाहिजे. आधीच्या कोणीतरी ती एरर वाचली आणि आज्ञाधारकपणे मार्क करून टाकलं. (एररची भाषाच तशी आहे म्हणा.) आणि पोस्टग्रेस तुमच्या लेबलवर विश्वास ठेवतं, आत काय लिहिलंय ते तपासत नाही. ॲपचं सेशन आपल्या वेळेवर, पण मेंटेनन्सचा जॉब रीइंडेक्स करायचा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधायचा, तो यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), त्यामुळे रविवारी पहाटे २:१० ची ऑर्डर इंडेक्समध्ये शनिवारच्या खात्यात जाऊन बसलेली.

नुसतं फंक्शन बदलून भागत नाही, इंडेक्समधल्या जुन्या नोंदी तशाच राहतात. म्हणून तो इंडेक्सच उडवला, आधी 'ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता' आणि मग डेट असा नवा केला. झोनचं नाव स्पष्ट दिलं की ते खरंच इम्म्यूटेबल, त्यामुळे पोस्टग्रेसनेही कुरकुर केली नाही. रिपोर्टच्या क्वेऱ्यांमध्येही तेच एक्सप्रेशन घालावं लागलं, नाहीतर इंडेक्स वापरलाच जात नाही.

मग पीजी_प्रॉक या फंक्शन्सच्या नोंदींच्या सिस्टम टेबलमध्ये प्रोव्होलाटाइल कॉलम 'आय' (म्हणजे इम्म्यूटेबल) असलेली आमची बाकीची फंक्शन्स काढली. त्यात जीएसटीचा दर टेबलातून वाचणारं एक निघालं, तेही इम्म्यूटेबल! २२ सप्टेंबरला दर बदलले तेव्हा कुठल्या कनेक्शनच्या कॅश्ड (साठवून ठेवलेल्या) प्लॅनमध्ये जुना दर चिकटून राहिला असेल देव जाणे. ते स्टेबल केलं आणि मॅडमना सांगितलं, सप्टेंबरची बिलंही एकदा बघून घ्या.