एमफिल गेलं, आणि मॅडमची पेन्सिल

परवा कॉलेजात एका पोराने विचारलं, मॅडम एमफिल म्हणजे नेमकं काय असायचं हो? असायचं, असं विचारलं त्याने. मनात एकदम लागलं ते. बरोबरच आहे म्हणा, एमफिल म्हणजे एमए आणि पीएचडी यांच्या मधली संशोधनाची पदवी, आणि युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022 च्या नोव्हेंबरमध्ये नियम काढून ती बंदच केली. त्याला वर्गात दोन वाक्यात सांगितलं, पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितेय.

मी 2011 ते 2013 एमफिलला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत होते, स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमध्ये, सगळे एसआयएस म्हणतात ते. मालवणहून थेट दिल्ली. हॉस्टेल मिळालं ते कोयना. तिथे सगळ्या हॉस्टेलांना नद्यांची नावं आहेत, गोदावरी, ताप्ती, चंद्रभागा, माही-मांडवी, त्यामुळे पहिल्या आठवड्यात रडू यायचं तेव्हा त्या पाट्या वाचूनही बरं वाटायचं.

हे स्कूल जेएनयूपेक्षा जुनं आहे हे खूप जणांना माहीत नसतं. 1955 साली दिल्लीतल्या सप्रू हाऊसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज म्हणून सुरू झालं, ए. अप्पादोराय पहिले संचालक, आणि ते उभं करण्यात हृदयनाथ कुंझरूंचा मोठा वाटा, म्हणजे आपल्या गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे अध्यक्ष होते तेच कुंझरू. देश नुकताच स्वतंत्र झालेला, बाहेरच्या जगाबद्दल आपलं आपण शिकायला हवं, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून भागणार नाही, ही त्यामागची तळमळ. 1970 ला ते जेएनयूत आलं. एस. जयशंकर एमफिल, पीएचडी जेएनयूचेच, निर्मला सीतारामन यांचं एमफिलही तिथलंच. पण मला मोठ्या नावांबद्दल नाही लिहायचं, एका खोलीबद्दल लिहायचंय.

माझा विषय आंतरराष्ट्रीय कायदा, त्यातही समुद्राचा. एमफिलचं पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि दुसरं वर्ष प्रबंध. कोर्सवर्कला आम्ही नऊ जण, लांब टेबल, आणि आम्हाला शिकवणाऱ्या प्रोफेसर मॅडम टेबलाच्या टोकाला नाही तर मध्येच कुठेतरी बसायच्या. पहिल्याच तासाला ग्रोशियस, डच कायदेपंडित. त्याने 1609 च्या पुस्तकात मांडलं की समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, आणि ते लिहिण्यामागे कारण काय तर डच लोकांनी 1603 ला सांता कातारिना नावाचं पोर्तुगीज जहाज पकडलं होतं, त्याचं समर्थन हवं होतं. हे पाठ्यपुस्तकात असतंच. पण मग मॅडमनी आर. पी. आनंद यांचं म्हणणं काढलं. आनंद याच स्कूलमध्ये शिकवायचे, आणि त्यांनी मांडलं होतं की हिंदी महासागरात मुक्त ये-जा ही रीत ग्रोशियसच्या कितीतरी आधीपासून होती, पोर्तुगीज आले आणि त्यांनी ती मोडली. आणि मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, तू कोकणातली ना, मग कार्ताज माहीत असेल?

मला माहीत नव्हतं. मालवणात जन्मले, किनाऱ्यावर वाढले, आजोबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला जायचे, आणि कार्ताज हा शब्द मी दिल्लीत एका पंजाबी बाईंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

कार्ताज म्हणजे पोर्तुगीजांचा परवाना. जहाज केवढं, नाखवा कोण, माणसं किती, कुठून कुठे चाललंय, आणि मिरी वगैरे काय काय न्यायचं नाही ते सगळं त्यावर. तो नसेल तर जहाज जप्त, माल जप्त. भल्याभल्यांनी घेतला, आदिलशाहीने घेतला, मुघलांनीही घेतला. तरी 1613 मध्ये जहांगीरच्या आईचं रहीमी जहाज, परवाना असून, पोर्तुगीजांनी पकडलंच. आणि पुढे कान्होजी आंग्रेंनी तेच उलटं फिरवलं, म्हणजे इथून जायचंय तर आमचं दस्तक, आमचा परवाना घ्या. समुद्र कुणाचा हा प्रश्न माझ्या घरापासून शंभर पावलांवरचा होता आणि मी तो युरोपचा समजून दिल्लीला शिकायला गेले होते.

त्या वेळी मॅडम स्वतः याच विषयावर एक लेख लिहीत होत्या. त्यांनी काय केलं तर तो अर्धवट लेख, बावीस पानं, झेरॉक्स काढून आम्हा नऊ जणांना दिला आणि म्हणाल्या पुढच्या आठवड्यात यातल्या चुका काढून आणा. आम्ही घाबरलो. प्रोफेसरच्या लेखात चुका काय काढणार? पण मणिपूरच्या एका मुलाने एका तळटीपेतली चूक धरली, मॅडमनी त्याच्यासमोरच पेन्सिलने खूण केली, थँक यू म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी दुरुस्त पान घेऊन आल्या. माझ्यासाठी संशोधन आणि शिकवणं हे दोन वेगळे शब्द तिथेच संपले.

दिवाळीला घरी आले तेव्हा गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचं पोर्तुगेज-मराठे संबंधांवरचं मराठी पुस्तक मिळवलं आणि दिल्लीला नेलं. मॅडमना मराठी येत नाही. मी एकेक परिच्छेद वाचून तोडकंमोडकं इंग्रजी करत होते आणि त्या वहीत लिहून घेत होत्या, मध्येच थांबवायच्या, हा शब्द परत सांग, याचा अर्थ परवानगी की हुकूम? दोन तास चाललं ते. बाहेर मोर ओरडत होते. एवढ्या मोठ्या विदुषीला माझी मराठी हवी आहे, ही गोष्ट मी आजही विसरू शकत नाही.

आणि माझा ड्राफ्ट परत यायचा तेव्हा समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात प्रश्न. हे कोण म्हणतं? किती जहाजं? तू पाहिलंस की ऐकलंस? एका पानावर मी ठोकून दिलं होतं की सगळ्या कोकण किनाऱ्यावर कार्ताज चालायचा, तिथे फक्त 'सगळ्या' या शब्दाभोवती गोल. तो गोल बघून मी तीन आठवडे लायब्ररीत काढले.

गावी आले की आजो विचारायचा, "काय गो, दिल्लीत बसान दर्याचो कायदो शिकतंस?" तेव्हा उत्तर देता यायचं नाही. आता देते. बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या हातात, त्यापुढे 200 मैलांपर्यंत केंद्राचं, आणि पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या बोटीतून घेर घालणारं जाळं टाकणारे, आणि रापणवाले यांचं भांडण चाललं की ही रेघ कुठे आहे हे माहीत असणं आमच्याकडे पोटाचा प्रश्न असतो.

आता मी शिकवते ते कॉलेज लहान आहे. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला सोळा तास, वर पेपर तपासणी, नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची कागदपत्रं. एसआयएसमध्ये मॅडम एका सेमिस्टरला मोजके कोर्स घ्यायच्या, आणि उरलेला वेळ मोकळा नव्हता, तो आमच्या ड्राफ्टमध्ये जायचा, हे मला खूप उशिरा कळलं. 2016 च्या युजीसी नियमात प्रोफेसरला एका वेळी तीन एमफिल आणि आठ पीएचडी एवढी मर्यादा होती, आता त्यातले ते तीन गेले. लोक म्हणतात एमफिल गेल्याने काय बिघडतं, थेट पीएचडी करा. मला हे पटत नाही. पीएचडीला पोरगं येतं तेव्हा त्याला प्रश्न विचारता यायला हवा असतो, आणि तो विचारायला शिकायची, चुकायची, गोल खाऊन परत लिहायची जागा ही दोन वर्षं होती. माझ्यासारख्या गावाकडून आलेल्यांना तर ती फारच लागायची, कारण आमच्या बीएला कुणी कधी समासात काही लिहिलेलंच नसतं.

म्हणून यंदा टीवायच्या चार मुलांना घेऊन दिवाळीच्या सुट्टीत पणजीच्या पुराभिलेखागारात जातेय. परवानगीचा अर्ज केलाय, राहायची सोय एका मैत्रिणीकडे. पोर्तुगीज वाचायला एकजण मिळालेत, पण तिथे मोडी कागदही आहेत आणि माझी मोडी कच्ची आहे. सावंतवाडी, बांदा, पेडणे या भागात कुणी मोडी वाचणारं असेल आणि दोन दिवस आमच्याबरोबर बसायला तयार असेल तर खाली लिहा, जाण्यायेण्याचं आम्ही बघू.