मानसिक छळ कोर्टात दाखवायचा कसा? रेकॉर्डिंगच्या आधी तारखा लिहा

अंगावर वळ नाहीत, मेडिकल रिपोर्ट नाही, मग कोर्टात दाखवायचं काय? मैत्रिणीची केस बघितली तेव्हापासून मला हे बऱ्याच जणी विचारतात (आणि हो, पुरुषसुद्धा). विचारणाऱ्याच्या डोक्यात उत्तर बहुतेक वेळा आधीच तयार असतं, गुपचूप रेकॉर्डिंग. जुलै 2025 मध्ये विभोर गर्ग विरुद्ध नेहा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जोडीदाराच्या नकळत केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं, तेव्हापासून तर जास्तच.

घेता येतं, खरंय. पण सोबत नव्या साक्ष्य कायद्याच्या कलम 63 चं सर्टिफिकेट (रेकॉर्डिंग कुठल्या फोनवर, कसं झालं याचं सहीनिशी लिहून दिलेलं पत्र) लागतं, मूळ फोन जपावा लागतो, आणि एवढं करून एका भांडणाची क्लिप ऐकवली तर समोरचा वकील म्हणणार, भांडणं कुणाच्या घरात होत नाहीत, आणि मुद्दाम चिडवून रेकॉर्ड केलं नाही कशावरून? 2007 च्या समर घोष केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंच आहे की संसारातली नेहमीची कुरबुर म्हणजे क्रूरता (कायद्यात घटस्फोटाचं एक कारण, मानसिक छळही त्यातच येतो) नाही, त्रास बराच काळ चाललेला दिसला पाहिजे.

म्हणून मला विचाराल तर कंटाळवाणी वही जास्त कामाची. तारीख, नेमके शब्द, समोर कोण होतं. 'तो मला सतत घालूनपाडून बोलायचा' असं अर्जात सगळेच लिहितात आणि उलटतपासणीत 'कधी? कुठे?' विचारलं की गप्प बसायची वेळ येते. त्यापेक्षा अमुक तारखेला बहिणीसमोर 'तुझ्यासारख्या वेडीला दुसरं कोण ठेवून घेईल' म्हणाला, त्याच रात्री मी बहिणीला मेसेज केला, हे लिहा, मग मेसेजवर तारीख आहे आणि बहीण साक्षीला आहे. चॅट डिलीट करू नका, कितीही वाचवत नसलं तरी, एक्सपोर्ट करून अशा मेलवर ठेवा ज्याचा पासवर्ड घरात कुणाला माहीत नाही. काउन्सेलरच्या नोंदी, झोपेच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन, पगार काढून घेत असेल तर बँक स्टेटमेंट, सगळं ठेवा. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात (हा फक्त बायकांसाठी) शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही धरलाय.

दिलासा एवढाच की वैवाहिक वादात खुनाच्या खटल्यासारखं संशयातीत सिद्ध करावं लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं ते बघतात. हे 1975 च्या दास्ताने केसपासून पक्कं आहे. पण त्याच केसमध्ये बायकोकडून क्रूरता झाली हे कोर्टाने मानलं आणि तरी नवरा हरला, कारण नंतरही दोघं नवरा-बायको म्हणून राहिले, म्हणजे त्याने ते माफ केलं असं धरलं गेलं. मला हे अजूनही पटत नाही, माणूस परत का जातो याची शंभर कारणं असतात. पण कोर्टाला ती आपोआप कळत नाहीत, त्यामुळे मध्ये परत नांदायला गेला असाल तर का गेलात आणि गेल्यावर पुन्हा काय सुरू झालं ते तारखांसकट अर्जात आपणहून लिहा, त्या काळातले हसरे फोटो समोरचा वकील दाखवणारच आहे.