कपाटामागची भेग

पेंटरनं कपाट सरकवलं आणि आतूनच हाक मारली. "ताई, इथं कोणी हिशोब लिहून ठेवला हो?"

दुपारचे अडीच. ऑक्टोबर असला तरी नागपूरचं ऊन मे महिन्याची उधारी वसूल करत होतं. दिवाळीच्या आत ही एक खोली तरी रंगवून घ्यायची, म्हणून माणूस लावलेला. मी चष्मा शोधत गेले. गोदरेजच्या कपाटामागे कोळिष्टकं, एक वाळकी पाल, माझा हरवलेला कंगवा, आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी उतरलेली ती भेग. तिच्या कडेकडेनं बाबांच्या पोस्टकार्डावरच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं. १७/५/८७. त्याच्या बोटभर खाली ९/६/८८. मग २१/५/८९. अशा करत करत शेवटची २८/५/९५. प्रत्येक तारखेला एक आडवी रेघ. भेग त्या दिवशी इथवर पोचली होती.

"हिशोबच आहे," मी म्हटलं.

काळ्या मातीवर घर असलेल्या माणसाला भिंती वाचायची खोड लागते. मी कोणाकडेही गेले की आधी खिडक्यांचे कोपरे बघते, चहा नंतर. प्लास्टरवर नुसती जाळीजाळी असेल तर तराईत, म्हणजे पाणी मारण्यात, आळस झाला, सोडून द्यायचं. कॉलम आणि विटा भेटतात तिथं सरळ उभी रेघ असेल तर मिस्त्री कोंबडीजाळी लावायला विसरला. पण कोपऱ्यातून तिरकी निघून विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या उतरल्यासारखी चालली असेल, तर तिथं गप्प बसावं. मी बसले नाही. एका वास्तुशांतीत पंगतीतच विचारलं, "ही खिडकीखालची कधीपासून आहे?" ते लोक अजून माझ्याशी तोलूनमापूनच बोलतात.

बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा आमच्या ले-आऊटात घरं चार आणि बाभळी चाळीस. दख्खनचा काळा पत्थर तिकडे सह्याद्रीपासून निघतो तो आमच्या नागपुराशी येऊन संपतो. संपता संपता शहराच्या पश्चिमेला आपली माती ठेवून जातो. कापूस छान येतो तिच्यात. घर मात्र तिला पाहुण्यासारखं वाटतं, पावसाळ्यात फुगून वर उचलते, उन्हाळ्यात आक्रसून खाली सोडते. घराच्या पोटाखालची माती बिचारी सावलीत निवांत असते. खोडी कडेच्या मातीची.

८६च्या उन्हाळ्यात पायवा खोदला. आम्ही रोज संध्याकाळी सायकलीवर बघायला जायचो, मी पुढच्या दांडीवर, दादा कॅरिअरवर. मेमध्ये त्या जमिनीला अशा भेगा पडायच्या की माझा हात कोपरापर्यंत आत जायचा. दादा म्हणायचा, खाली पाताळ आहे. किती खोल आहे ते मोजायला म्हणून मी माझी लाकडी फूटपट्टी एका भेगेत सोडली. सोडली ती गेलीच. आवाजसुद्धा आला नाही. मी पोटावर पडून आत बघत होते आणि पलीकडे खड्ड्याच्या काठावर मिस्त्री बाबांना सांगत होता, "साह्यब, मुरूम काही लागला नाही अजून. दोन फूट जाऊ द्या."

बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर कन्हानच्या रेतीचे ट्रक, गिट्टी, सळ्या, सोसायटीच्या कर्जाचे हप्ते असं काय काय होतं. बराच वेळ ते त्या कागदाकडे बघत राहिले. मग कागद होता तसा घडी करून खिशात ठेवला.

"बस झालं," म्हणाले. "भरून घ्या."

मला तेव्हा माझ्या फूटपट्टीचं पडलं होतं. ती अजून घराखालीच असेल.

पुढच्याच उन्हाळ्यात भेग आली. आधी केसाएवढी. मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं अंगणातला कडुनिंब पाणी ओढतो, तोडा. आजीनं कडुनिंबाला हात लावू दिला नाही. कोणी म्हणालं, भिंतीला लागून चौफेर काँक्रीटचा पट्टा घाला, म्हणजे पाणी पायव्यात उतरणार नाही. तो घातला, पण नुसता पुढच्या बाजूला, कारण पैसे तेवढेच होते. वास्तूचा दोष सांगणारेही येऊन गेले, चहा पिऊन.

बाबांचे एक ओव्हरसीअर मित्र होते. त्यांनी भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं पक्की केली. काच तुटली तर भेग जिवंत आहे, नाही तुटली तर मेली, एवढा साधा कारभार. शाळेतून आलो की दप्तर टाकायच्या आधी आम्ही काच बघायचो. पावसाळा गेला, हिवाळा गेला, काच शाबूत. बाबा त्या महिन्यांत पुष्कळ बोलायचे. मग मेमधली एक दुपार. कूलर घोंघावतोय, वाळ्याचा ओला वास, फरशीवर चटया टाकून सगळे आडवे. आणि टक् असा आवाज झाला. एवढासा.

आजी झोपेतच म्हणाली, "पाल चुकचुकली."

बाबा उठले. भिंतीपाशी गेले. थोड्या वेळानं ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, पेन्सिल असायची तो.

भेग भरायची कधी, हा या शहरातला खरा अवघड प्रश्न. उन्हाळ्यात ती रुंद असते तेव्हा भरली, तर पावसाळ्यात घर मिटतं आणि भरलेलं बाहेर ढकलून देतं. पावसाळ्यात भरावी तर उन्हाळ्यात शेजारून नवी उघडते. हिवाळ्यात भरा म्हणावं, तर हिवाळ्यात लग्नं असतात. आमच्याकडे ती तीनदा भरली. शेवटी ९५ साली मला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा आईनं माझ्या लग्नासाठी आधीच घेऊन ठेवलेलं कपाट त्या भिंतीला लावलं आणि विषय मिटवला. लग्न ठरलं. कपाट मात्र सासरी गेलं नाही, ते हलवलं असतं तर मागचं दिसलं असतं. बाबांच्या तारखाही तिथंच थांबल्या. भेगेनं मुलीचं लग्न अडवलं नाही म्हणून थांबल्या, की नुसतं कपाट जड होतं म्हणून, कोण जाणे. त्या मिस्त्रीचं बोलणं मी ऐकलं होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? त्या दोन फुटांच्या पैशात त्या वर्षी दादाची फी भरली गेली होती.

दादाला पुण्याला फोन लावला. म्हटलं, बाबांच्या तारखा सापडल्या. तो म्हणाला, "फोटो पाठव." मग जरा थांबून, "शेवटच्या तारखेच्या पुढे गेली आहे का?"

मी वाकून पाहिलं. गेली होती. दोन बोटं. एवढ्या वर्षांत दोन बोटं म्हणजे काही फार नाही.

पेंटर दारात उभा होता, हातात घासकागद. "मी तं म्हणतो ताई, व्ही मारून खाच करू, आतमध्ये पॉलिमर भरू, वरून जाळी अन् पुट्टी. विषयच संपला. करू का?"

"बाकीच्या तीन भिंती आधी होऊ द्या," मी म्हटलं. "हिचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे हिवाळ्यात?"

मी काही बोलले नाही. खिडकीबाहेर टपटप चालली होती. कूलर अजून काढलेला नाही. त्याची टाकी गळते, आणि गळते ती नेमकी याच भिंतीच्या मुळाशी, जिथं काँक्रीटचा पट्टा नाही तिथं. खालची माती काळी, ओलीगच्च, आणि तिच्यात पुदिना काय माजलाय! उद्या काढू कूलर. दसऱ्यापासून आम्ही तो उद्याच काढतो आहोत.