भूत गेलं होतं ना?

"पण बाबा, तू तर म्हणाला होतास, ते भूत गेलं."

एका भयपटाच्या दुसऱ्या भागाचा ट्रेलर बघून लेकीने एवढंच विचारलं आणि माझी बोलती बंद झाली. पहिला भाग आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला होता. त्या रात्री तिला झोपवताना मी छातीठोकपणे सांगितलं होतं की ते जळालं, संपलं, आता परत यायचं नाही. त्यानंतर आठवडाभर पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू होता आणि बाथरूमच्या दाराबाहेर उभा राहून मी "आहे गं, इथेच आहे" म्हणत होतो. आता सिनेमावाल्यांनी त्याला पुन्हा उठवलंय, आणि खोटा पडलोय मी.

भयपटाचा पुढचा भाग सहकुटुंब बघण्याजोगा आहे का, याचा निवाडा आमच्या घरात माझ्याकडे असतो, कारण मी तो आधी एकटा बघून घेतो. यात शौर्य काही नाही. मी आवाज बंद करून बघतो. भीती बरीचशी कानांवाटे शिरते, हे तेव्हा कळतं. 'जॉज' या शार्कच्या सिनेमातले ते दोन सूर काढून टाका, उरतं काय? पाणी. मुलं बिचारी डोळ्यांवर हात ठेवतात आणि कान सताड उघडे!

'जॉज'चंच बघा. १९७५च्या त्या सिनेमात शार्क फार उशिरा नीट दिसतो. त्याला एक कारण असं, की यांत्रिक मासा समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा. त्या बिघाडाने सिनेमा तारला. पुढच्या भागाला ही चैन नसते. भूत सगळ्यांनी पाहिलेलं असतं, मग ते लपवून काय उपयोग? म्हणून ते जास्त वेळ दाखवायचं, जवळून दाखवायचं, एकाचे तीन करायचे. मोठी माणसं अशा वेळी जांभया देतात. लहान मुलांचं मात्र उलट होतं. मुलं आणि पडद्यावरची भीती यांचा अनेक वर्षं अभ्यास केलेल्या जोआन कँटर यांचं निरीक्षण असं, की अगदी लहान मुलं रूपाला घाबरतात. 'हल्क' भला आहे हे त्यांना समजावून उपयोग नसतो. तो हिरवा होऊन फुगायला लागला की ती रडतात. मोठी मुलं 'असं खरंच होऊ शकेल का' या विचाराने घाबरतात. म्हणजे आम्हाला कंटाळवाणा वाटलेला दुसरा भाग घरातल्या धाकट्याची झोप उडवू शकतो.

प्रमाणपत्राची मदत होते, पण बेताची. 'द कॉन्ज्युरिंग'मध्ये (२०१३) रक्तपात तसा कमीच, तरी 'अस्वस्थ करणारी हिंसा आणि भय' यांसाठी अमेरिकेत त्याला 'आर' मिळालं, म्हणजे सतराच्या आतल्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा. तिथे निदान कुणाच्या तरी लक्षात आलं. एरवी पडद्यावर काय सांडलं ते मोजता येतं, अंथरुणात काय सोबत आलं ते कसं मोजणार?

आणि 'सहकुटुंब' म्हणजे तरी कोण? थोरला उशी पोटाशी घट्ट धरून "यात काय घाबरायचंय" म्हणतो. माझी आई "आधी दिवा लावा म्हणावं" असं पडद्याला सांगते आणि शांत झोपी जाते. धाकटीला हवा असतो दिलेला शब्द.

म्हणून हल्ली मी एकच बघतो. गेलेलं परत आलं, ते कशासाठी? १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये पवनचक्कीला आग लागते आणि त्यातला राक्षस मेला, असंच सगळे समजतात. १९३५च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो चक्कीखालच्या पाण्यातून जिवंत निघतो. सरळसरळ फसवणूक! पण पुढे तो बोलायला शिकतो, एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत त्याला मित्र मिळतो. असा परत आलेला राक्षस मला चालतो. किंवा मग 'अ क्वाएट प्लेस' घ्या, जरा आवाज झाला की माणसांवर झडप घालणाऱ्या प्राण्यांचा सिनेमा. त्याच्या पहिल्या भागाने (२०१८) 'संपलं' असं कुणाला सांगितलंच नव्हतं. आता लढता येईल, एवढ्यावर तो थांबला होता. दुसऱ्या भागात (२०२१) त्यातल्या कुटुंबातली कर्णबधिर मुलगी, त्या प्राण्यांना लोळवणारा आवाज रेडिओवरून सगळीकडे पोहोचवायला एकटीच निघते. लहान मुलांसाठी नाहीच तो, पण थोरल्याला शेजारी बसवून दाखवावा असा आहे. पोरं पळत नाहीत, काहीतरी करतात.

आमच्या घरातलं भूत मात्र यातल्या कशासाठीच आलेलं नव्हतं. पहिल्या भागाने गल्ला भरला, म्हणून आलं. मी ते आवाज बंद करून पूर्ण पाहिलं. तेच दार, तोच आरसा, तीच मागे उभी असलेली सावली, आणि शेवटी पुन्हा आग.

लेकीला मी सांगितलं, हा आपण नाही बघायचा. ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "शेवटी काय होतं ते तरी सांग."

"जळतं. जातं."

तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि मला नीट निरखून पाहिलं.

"बाबा, 'गेलं' नको म्हणूस. 'सध्या गेलंय' म्हण."