तुम्ही विचारलंत म्हणून: टीबी बरा झाला, मग थुंकीत रक्त कसं?

हा प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: वडिलांचा टीबी चार वर्षांपूर्वी बरा झाला, गोळ्या एकही दिवस चुकवल्या नव्हत्या. आता पुन्हा खोकला, वजन उतरतंय, सकाळच्या बेडक्यात रक्ताची रेघ. टीबी उलटला का?

उलटला असेलही. पण थुंकीत जंतू सापडत नसताना नुसता एक्स-रेवरचा जुना डाग बघून टीबीच्या गोळ्या दुसऱ्यांदा सुरू होतात, तेव्हा एक आजार तपासायचाच राहून जातो. तो म्हणजे फुप्फुसात रुजलेली ॲस्परजिलस ही बुरशी. कोविडच्या वेळची 'काळी बुरशी' ती ही नव्हे. ती दिवसांत पसरायची, ही महिनोन् महिने सावकाश पोखरते.

टीबी बरा झाला तरी त्यानं खाल्लेली जागा अनेकदा भरून येत नाही, तिथं पोकळी राहते. ॲस्परजिलसचे बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे. भिजलेला कडबा, शेणखत, ओल धरलेली भिंत, सगळीकडे ते असतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासातून आत घेतो. धड फुप्फुस ते झाडून टाकतं; पोकळीत ही झाडलोट होत नाही. बुरशीचे धागे, कफ आणि मेलेल्या पेशी मिळून तिथं गोळा तयार होतो. सीटी स्कॅनवर तो पोकळीच्या तळाला बसलेला दिसतो, वर हवेची चंद्रकोर. रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा स्कॅन काढला, तर सुटा गोळा घरंगळून दुसऱ्या बाजूला गेलेला दिसतो. रक्त येतं ते पोकळीच्या भिंतीतल्या फुगलेल्या, नाजूक रक्तवाहिन्यांमधून. गोळा दिसलाच पाहिजे असं मात्र नाही. पोकळी मोठी होत जाणं, तिची भिंत आणि शेजारचं फुप्फुसाचं आवरण जाड होणं, एवढ्यावरही संशय घ्यायला हवा.

निदानाला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: तीन महिने किंवा जास्त चाललेला त्रास, स्कॅनवरच्या खुणा आणि रक्तात ॲस्परजिलसविरुद्धचं आयजीजी (शरीरानं तयार केलेलं एक प्रतिपिंड). इथं चिठ्ठीवरचं अक्षर नीट वाचा. आयजीई ही वेगळी तपासणी आहे, ती दम्याबरोबरच्या बुरशीच्या ॲलर्जीसाठी असते. लॅबमध्ये या दोघींची अदलाबदल होते. थुंकीच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) बुरशी उगवली नाही म्हणून ती नाहीच असं धरू नका, अनेकदा ती उगवत नाही. उलट रिपोर्टमध्ये 'कॅन्डिडा' ही दुसरी बुरशी आली तर घाबरू नका, ती बहुधा तोंडातली असते. त्यावर दिलेल्या फ्लुकोनॅझोलचा ॲस्परजिलसवर उपयोग होत नाही.

टीबीही त्याच वेळी तपासायचा. सीबीनॅट या टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा सापडू शकतो, म्हणून आधी टीबी होऊन गेलेल्या माणसात कल्चरचा निकाल महत्त्वाचा. याला आणखी एक कारण आहे. टीबीच्या गोळ्यांमधलं रिफॅम्पिसिन बुरशीचं औषध रक्तात टिकूच देत नाही. दोन्ही एकदम सुरू केली, तर बुरशीवर उपचार चाललाय असं फक्त कागदावर दिसतं.

बुरशीवरचं औषध बहुधा इट्राकोनॅझोल, २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ते किती दिवस घ्यायचं याचं चांगलं उत्तर भारतातच मिळालं. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेतल्या चाचणीत (२०२२) सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांत दोन वर्षांत आजार परतला, बारा महिने घेतलेल्यांत १० टक्के. म्हणून बरं वाटलं की गोळ्या सोडू नका, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

औषध लागू पडत नाही तेव्हा ते घ्यायची पद्धत आधी तपासावी. साधी कॅप्सूल पोटात आम्ल असेल तरच नीट शोषली जाते. ती भरपेट जेवणाबरोबर घ्यायची, उपाशीपोटी नाही. सवयीनं लिहून दिलेली पॅन्टोप्रॅझोलसारखी पित्ताची गोळी इथं घात करते; ती खरंच हवी का, हे डॉक्टरांना विचारा. पातळ औषध मात्र रिकाम्या पोटी. इट्राकोनॅझोलच्याच, जास्त शोषल्या जाणाऱ्या 'सुबा' प्रकारच्या कॅप्सूलचे मिलिग्रॅम वेगळे असतात, तेव्हा दुकानदारानं बदलून दिली तर तशीच घेऊ नका. सोय असेल तिथं दोन आठवड्यांनी, सकाळच्या डोसाआधी, रक्तातली पातळी मोजून घ्यावी: लिटरमागे किमान अर्धा मिलिग्रॅम, शक्यतो एकच्या वर.

पायांवर सूज, धाप, बीपी वाढणं, डोळे पिवळे होणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच कळवा. हृदय कमजोर असेल तर ते आधीच सांगा. ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा श्वासातून घ्यायचा पंप चालू असेल तर तोही दाखवा. इट्राकोनॅझोलबरोबर त्यातलं स्टेरॉइड अंगात साठतं. चेहरा सुजतो, साखर चढते.

औषधाच्या गोळ्यांनी बुरशीचा गोळा सहसा विरघळत नाही. एकाच पोकळीत असेल आणि फुप्फुसांना झेपत असेल, तर शस्त्रक्रिया करून काढतात. रक्त थोडं असेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतात. जास्त असेल तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून रक्त येणारी रक्तवाहिनी बंद करतात. त्यानं वेळ मिळतो, पण बुरशी तिथंच असते, म्हणून औषध चालू ठेवावं लागतं. कपभर रक्त आलं तर घरी थांबू नका. कोणत्या बाजूनं येतंय हे माहीत असेल तर ती बाजू खाली ठेवून कुशीवर झोपवा आणि तसंच रुग्णालयात न्या.

आणि टीबीच्या वेळचे एक्स-रे रद्दीत टाकू नका. पोकळी तेवढीच आहे की वाढली, हे जुनी फिल्म नव्या फिल्मशेजारी धरल्यावरच कळतं.