आरएक्स १००च्या पुढच्या शॉकअपमध्ये नेमकं किती वेटचं तेल? माझा अनुभव

वडिलांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल, १९९३ची, मागच्या दिवाळीत परत रस्त्यावर काढली. इंजिनाचं काम तसं लवकर उरकलं पण पुढच्या शॉकअपनी चार महिने घेतले. आणि सगळा घोळ एकाच गोष्टीचा, तेल किती जाड टाकायचं, म्हणजे किती वेटचं.

तक्रार साधी होती. ब्रेक मारला की गाडीचं नाक एकदम खाली जायचं. एका गॅरेजमध्ये दाखवली तर ते म्हणाले, जाड तेल टाकू, बंद होईल, आणि इंजिनचं २०डब्ल्यू४० भरून दिलं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असंच करतात. नाक जाणं थोडं कमी झालं खरं, पण साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासकडे गेलो तर परत येईपर्यंत मनगटं दुखायला लागली. बारीक बारीक खड्डा थेट हँडलवर. आणि रस्त्यावर ते लागोपाठ पांढरे पट्टे असतात ना, त्यावर पहिल्या दोन पट्ट्यांना शॉकअप दबायचा आणि वर यायच्या आतच तिसरा पट्टा, मग चौथा, म्हणजे शेवटी गाडी खालीच बसलेली आणि पुढे लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं.

तेव्हा बसून नीट समजून घेतलं. या जुन्या शॉकअपमध्ये आत एक दांडा असतो, त्याला ठरावीक मापाची भोकं, तेल त्यातूनच ये-जा करतं. सेट करता येईल असा व्हॉल्व्ह नाही, बाहेरून फिरवायला स्क्रूही नाही. म्हणजे सेटिंग बदलायचं म्हटलं तर आपल्या हातात मुख्यतः तेलच. तेल जाड असलं की अचानक बसलेल्या धक्क्याला ते त्या भोकातून वेळेत निघूच शकत नाही, म्हणून हात झिणझिणतात. आणि दुसरं म्हणजे इंजिन ऑइलच्या डब्यावरचं २०डब्ल्यू आणि फोर्क ऑइलच्या, म्हणजे शॉकअपच्या खास तेलाच्या, बाटलीवरचं २०डब्ल्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन ऑइलचा तो आकडा थंडीतला. फोर्क ऑइलच्या आकड्याला तर सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच माप नाही, एकाचं १० वेट दुसऱ्याच्या १५च्या जवळ जाऊ शकतं. खरं बघायचं ते डेटाशीटमध्ये ४० अंशाला दिलेला सेंटीस्टोकचा, म्हणजे तेलाच्या जाडीचा, आकडा. मी घेतलेल्या तेलाचं १० वेट ३६ होतं, १५ वेट ५७. साधं २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल या मापात शंभराच्या पुढे जातं. म्हणजे माझ्या गाडीत १० वेटच्या जवळजवळ तिप्पट जाड तेल बसलं होतं!

मग शॉकअपचे दोन्ही पाय काढले. उजव्यातून राखाडी, चिखलासारखं तेल आलं, पेपरवर पसरलं तर बोटाला बारीक कचकच लागत होती आणि उन्हात धातूचा चुरा चमकत होता. डाव्यातून त्यापेक्षा बरंच कमी निघालं, आणि डस्ट सीलचं रबर वर सरकवलं तर खाली पाईपभोवती तेलाचं कडं. तिथूनच ते जात होतं. रॉकेलने दोनदा धुतले, दांडा वरखाली करून सगळं बाहेर काढलं आणि रात्रभर उलटे टांगून ठेवले. हे टाळू नका, आत राहिलेलं जाड तेल नव्या तेलाला पण जाड करतं आणि मापही चुकवतं. सीलं दोन्ही बाजूंची नवी टाकली.

१० वेट मॅन्युअलप्रमाणे मोजून भरलं. हात दुखायचे थांबले, पट्ट्यांवरून गाडी अशी सुटसुटीत गेली की मी वळून परत त्याच रस्त्याने आलो. पण नाक जाणं? जसंच्या तसं.

कारण ते तेलाचं दुखणं नव्हतंच, स्प्रिंगचं होतं. पाईपला एक केबल टाय बांधला, गाडीवर बसलो, उतरून मोजलं तर नुसत्या माझ्या वजनाने शॉकअपची जवळपास निम्मी चाल, म्हणजे दबायची जागा, संपलेली. साधारण एक तृतीयांश ठीक मानतात. दुकानातून नवी स्प्रिंग आणून जुनीशेजारी फरशीवर उभी केली, जुनी ११ मिमी बुटकी. इतकी वर्षं वडील, मी आणि गहू दळायचा डबा वाहून ती बसली होती बिचारी.

नव्या स्प्रिंगने नाक थांबलं पण आता ती जोरात परत ढकलते, त्यामुळे १० वेट थोडं कमी पडायला लागलं. हँडल दाबून सोडलं की वर येऊन परत एकदा हलायचं. खरं तर वर येऊन तिथेच थांबायला हवं. म्हणून त्याच कंपनीचं १० आणि १५ निम्मं निम्मं मिसळलं, अंदाजे ४५ सेंटीस्टोक. कंपन्या मात्र एकमेकांत मिसळू नका.

भरताना नुसत्या मिलीवर विसंबलो नाही. स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, आतली हवा पंप करून काढलेली, आणि पाईपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंत पट्टीने मोजलं. मिली सारखे भरूनही दोन बाजूंत ८ मिमीचा फरक निघाला! साठ मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी लावून जास्तीचं ओढून घेतलं. वर हवा कमी राहिली तर शेवटच्या टप्प्यात शॉकअप कडक होतो, म्हणून दोन्हीकडे सारखं हवंच.

आता जानेवारीच्या पहाटे पहिले दोन-तीन किलोमीटर पुढचा भाग जरा कडक लागतो, थंडीत तेल घट्ट होतं तेवढंच. मग मोकळा होतो. परवा वडिलांना चालवायला दिली, यवतेश्वरपर्यंत जाऊन आले आणि काही न बोलता परत किल्ली मागितली. उरलेल्या मिश्रणाच्या बाटलीवर मार्करने लिहून ठेवलंय, "१०+१५ निम्मं, आरएक्स पुढचं", पावसाळा संपला की एकदा थोडं काढून रंग बघणार आहे.